खालून आलेली ओळ

बाईंच्या पहिल्या तासाला आम्ही कुणी गायलोच नाही. त्यांनी आम्हाला झोपवलं.

आमच्या कॉलेजच्या नाट्य विभागाचा हॉल तेव्हा जुना होता. शहाबादी फरशी, लांबोळक्या खिडक्या, बाहेर कडुलिंब. सकाळचे दहा वाजले असतील. आम्ही अकरा जण सतरंजीवर उताणे पडलो आणि बाई प्रत्येकाच्या पोटावर एकेक जाड पुस्तक ठेवत गेल्या. "श्वास घेतला की पुस्तक वर यायला पाहिजे. खांदे नाहीत, पुस्तक." एवढंच बोलल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. पंखा थांबल्यावर एरवी कधी कानावर न येणारे आवाज एकेक करून यायला लागले. रस्त्यावरची रिक्षा, कबुतरांचं घुमणं, शेजारच्या मुलाच्या पोटातली गुरगुर. उन्हाची एक पट्टी फरशीवरून माझ्या हाताकडं सरकत होती. मी जागी होते की झोपेत, ते मला अजूनही सांगता येत नाही. पुस्तक वर जात होतं, खाली येत होतं, आणि मला वाटत होतं की हे मी करतच नाहीये, माझ्या आत दुसरंच कुणीतरी निवांत बसून श्वास घेतंय.

तासाभरानं त्यांनी हलकेच टाळी वाजवली. "उद्या गाऊ," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही गायलो नाही. त्या दिवशी स्टीलचे ग्लास आणि रसवंतीवरच्या नळ्या आल्या. ग्लासात अर्धं पाणी भरायचं, नळी ओठांत धरायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. तिसऱ्या दिवशी ओठ सैल सोडून फटफटीसारखा आवाज. विभागाचे शिपाई दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे शिक्षण हाय व्हय?" बाई म्हणाल्या, "हो. तुम्ही पण करून बघा." त्यांनी केलं. आमच्यापेक्षा चांगलं केलं.

बाईंना आम्ही 'बाई' म्हणायचो, कारण 'मॅडम' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. वय पन्नाशीच्या आसपास, केस बारीक कापलेले, गळ्याभोवती कायम एक सुती ओढणी, उन्हाळ्यातसुद्धा. जन्म आणि शाळा बेळगावची. म्हणजे मराठी आमच्याच वळणाची, थोडी वेगळी. आम्ही 'काय करायलीस?' म्हणायचो, त्या 'काय करालीस?' म्हणायच्या. एका 'य'चा फरक. त्यामुळं वीस वर्षं जर्मनीत काढलेली बाई आम्हाला परकी वाटली नाही.

जर्मनीत त्या ऑपेरात गायच्या. ऑपेरा, म्हणजे संगीतिका, हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केलेला होता. त्यांच्या नवऱ्याची कंपनी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आली, तो इथं इंजिनिअर म्हणून आला आणि त्याच्यासोबत बाई आल्या. घरी बसून कंटाळा आला तेव्हा आमच्या विभागप्रमुखांकडं गेल्या आणि म्हणाल्या, मला मुलांचे आवाज द्या. हे त्यांचे शब्द. विभागप्रमुख आम्हाला हसत हसत सांगायचे.

त्या स्वतः मात्र वर्गात कधी गायच्या नाहीत. सूर पेटीवर दाखवायच्या, हातानं उंची दाखवायच्या, माझ्या बरगड्यांवर पंजा ठेवून "इथून, इथून" म्हणायच्या, पण तोंडातून एक ओळ नाही. आमच्यातला एक जण म्हणायचा, भाव खातात. मला तसं वाटत नव्हतं. शिकवताना एखादा सूर चुकला की त्यांचा गळा ओढणीखाली हलायचा, जणू आत काहीतरी उठायचं आणि परत बसायचं.

गाणं माझ्या घरात होतंच. आम्ही उस्मानपुऱ्यात राहायचो. पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात फिटर. कामावरून आले की कपडे बदलून पेटी घेऊन बसायचे. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, घरभरणीला भीमगीतं गायला त्यांना बोलावणं यायचं, आणि रविवारी सकाळी गच्चीवर गल्लीतल्या दहा-पंधरा पोरांना ते गाणी शिकवायचे. त्यांचं शिकवणं म्हणजे मोठ्यानं गायचं आणि पोरांनी मागून गायचं. कुणी लाजलं की म्हणायचे, "आवाज खिशात ठेवायला दिलाय का?" मी लहानपणापासून त्या घोळक्यात. पण आमच्या सगळ्या गाण्याला माईक लागायचा, आणि माईकला इको लागायचा. पप्पा इकोचं बटण असं फिरवायचे की एक शब्द म्हटला की तो तीनदा परत यायचा. इकोशिवाय माझा आवाज कसा आहे, हे मला विसाव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं.

ते कळलं वेरूळला. बाईंनी आम्हाला एका मंगळवारी सकाळच्या एसटीनं तिथं नेलं. मंगळवारी लेणी बंद असतात हे त्यांना माहीत नव्हतं. आम्हालाही सुचलं नाही. फाटकापाशी चहा पिऊन परत आलो आणि बुधवारी पुन्हा गेलो. त्या चैत्याच्या लेणीत, जिथं छताला दगडाच्या बरगड्या कोरल्यात आणि समोर बुद्ध बसलेत, तिथं मी घरच्यांबरोबर कितीदा तरी वंदनेला आले होते. पण त्या दिवशी आत दुसरं कुणीच नव्हतं. राखणदाराला बाईंनी विचारलं, "एकच मुलगी, एकच गाणं, चालेल?" तो म्हणाला, "हळू म्हणा."

मी पप्पांचं एक गाणं म्हटलं, त्यांच्यापेक्षा निम्म्या लयीत. पहिली ओळ संपली आणि मी थांबले, कारण ती संपलीच नव्हती. वरच्या बरगड्यांमधून ती हळूहळू खाली येत होती, माझीच, पण माझ्यापेक्षा मोठ्या वयाची. मी परत सुरू करायला घाबरले. किती वेळ गेला कळलं नाही. बाहेरच्या उजेडानं दाराशी एक पिवळं चौकोनी पाणी सांडल्यासारखं दिसत होतं. बाई एका खांबाला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटून. "बघ," त्या म्हणाल्या, "हा तुझा आवाज. याला माईक लागत नाही."

परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या आणि पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या. एका छोट्या जर्मन गावातल्या ऑपेरा हाऊसमध्ये त्यांना कायमची नोकरी होती. महिन्याचा पगार, रोज तालीम, हंगामात आठ-नऊ वेगवेगळ्या संगीतिका. "लोकांना वाटतं ऑपेरा म्हणजे नायिका. नायिका उंच आवाजाची असते गं. माझा आवाज मधला. मधल्या आवाजाच्या बाईनं दासी व्हायचं, दाई व्हायचं, चेटकीण व्हायचं, नाहीतर विजार घालून तरुण मुलगा. मी दहा वर्षांत एकदाही नायकाशी लग्न केलं नाही." हे सांगून त्या इतक्या हसल्या की पुढच्या सीटवरच्या आजीनं वळून बघितलं.

"मग सोडलं का?" मी विचारलं.

त्यांनी ओढणी थोडी खाली ओढली. गळ्यावर आडवी, पांढरट, बारीक रेघ होती. "गाठ होती. ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजाची एक नस दुखावली. बोलायला काही नाही होत. पण गायला लागले की मध्येच फाटतो. वरचं सगळं गेलं." ओढणी परत वर केली. "दोन वर्षं मी घरात रेडिओसुद्धा लावू दिला नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. दौलताबादचा किल्ला उन्हात धूसर होऊन मागं चालला होता.

घरी मी हे पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना घरी जेवायला बोलव."

बाई रविवारी आल्या. आईनं पुरणपोळी केली होती. जेवणं झाल्यावर पप्पांनी विचारलं, "बाई, ऑपेरा म्हणजे नेमकं काय असतंय?"

"नाटकच असतं. फक्त त्यात कुणी बोलत नाही. पाणी आण म्हणायचं तरी गाऊन. भांडण गाऊन, लग्न गाऊन, आणि शेवटी मरायचं तेसुद्धा गाऊन."

"मरताना गायचं?" पप्पांना हे फार आवडलं. "मग दम कुठून आणतेत?"

"तेच तर मी तुमच्या मुलीला शिकवते."

मग पप्पांनी पेटी काढली आणि गायले. माईक नव्हता, इको नव्हता. त्यांचा आवाज जाडाभरडा, खालच्या पट्टीत घोगरा, वर गेला की किनार फाटलेला. पण शब्द असा येऊन पडायचा की ऐकणाऱ्यानं पाठ ताठ करावी. बाई मांडी घालून ऐकत होत्या. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे मला शिकवाल का?"

मी आणि आई एकमेकींकडं बघायला लागलो. पप्पा गडबडले. "बाई, मी कसला शिकवतो? मला सरगम बी धड येत नाय. तुम्ही एवढ्या मोठ्या."

"मोठं काही नाही. मला गाता येत नाही आता."

"आवाज फाटतो म्हणून?"

"हो."

"मग फाटू द्या की," पप्पा म्हणाले. "आमच्यात कुणाचा नाय फाटत? जयंतीच्या महिन्यात रोज एक गाव केलं की माझा कोंबड्यावाणी होतो. लोक थोडंच उठून जातेत. फाटलेल्या आवाजानं बी माणूस खरंच सांगत असतो ना."

पुढच्या रविवारी दुपारी चारला त्या गच्चीवर हजर. आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी. पोरांचा वर्ग सकाळी, बाईंचा दुपारी, एकटीचा. मला वर यायला मनाई होती. मी जिन्यात बसून ऐकायचे. उन्हाळ्याच्या त्या दुपारी अख्खी गल्ली झोपलेली असायची. जिन्याच्या पायऱ्या गरम, वर वाळत घातलेल्या चादरींची सावली भिंतीवर हलायची. आधी पप्पांची ओळ यायची, मग बराच वेळ काहीच नाही. मग एक बारीक, कोरडा, पापडासारखा तडकलेला आवाज. तो मध्येच तुटायचा. पप्पा म्हणायचे, "हां. परत." पुन्हा तुटायचा. "हां. परत." कधी कधी मला तिथंच डुलकी लागायची आणि झोपेत तो आवाज न तुटता पुढं जायचा. जाग आल्यावर मला कळायचं नाही की तो खरंच गेला होता की मी झोपेत ऐकला होता.

त्या वर्षी बाईंनी विभागात एक संगीतिका बसवायची ठरवली. मराठीत, आमची आम्ही लिहिलेली. विषयावर पंधरा दिवस वाद झाला. कुणाला राजाराणी हवी होती, कुणाला प्रेमभंग. बाईंनी विचारलं, "तुमच्या घरात सगळे जण एकाच वेळी कशासाठी जागे राहतात?" आणि आम्ही एकदमच म्हणालो, "पाण्यासाठी." आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. ते कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून आमची संगीतिका झाली ती पाण्याच्या दिवसाची. एक गल्ली, एक नळ, भांडी घेऊन बसलेल्या बाया, कामावर जाता येत नाही म्हणून चिडलेले पुरुष, आणि एक नवी सून, जिला माहेरी बहिणीच्या लग्नाला जायचंय पण पाणी भरल्याशिवाय सासरचे सोडत नाहीत. सून मी.

सगळे भांडून थकल्यावर, घागरींना टेकून पेंगायला लागल्यावर सून एकटी नळाजवळ जाते आणि गाते, 'नळा रे नळा, तुझ्या घशात काय अडकलं?' ही ओळ आमच्या वर्गातल्या ज्या मुलानं लिहिली त्याला बाईंच्या गळ्याचं काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तालमीत ही ओळ आली की मी बाईंकडं बघणं टाळायचे. त्या मात्र पेन्सिलीनं ताल देत सरळ माझ्याकडं बघायच्या. "घाई करू नकोस. तिला उत्तर पाहिजे आहे. प्रश्न विचार आणि थांब."

दिग्दर्शन त्यांचंच, संगीतही त्यांचंच, आणि पुढं उभं राहून सगळ्यांना एकत्र चालवायचं कामही त्यांचंच. जर्मनीत ही तीन माणसांची तीन कामं असतात, असं त्या म्हणायच्या. कधी ओरडल्या नाहीत. फक्त एकदा, मुलांनी माईकचा हट्ट धरला तेव्हा, त्यांनी हॉलच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसून प्रत्येकाला स्टेजवरून आपल्या आईचं नाव सांगायला लावलं. ज्याचं ऐकू आलं नाही त्यानं परत. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. माईकचा विषय संपला.

प्रयोग हिवाळ्यात होता, संध्याकाळी सहाला. हॉल भरला. पप्पा पार्टीतल्या सगळ्यांना घेऊन आले होते, आई शेजारणींना. बाई स्टेजच्या खाली, प्रेक्षकांकडं पाठ करून, एका छोट्या दिव्याच्या उजेडात उभ्या होत्या. सुरुवात चांगली झाली. भांडणाच्या गाण्याला लोक इतके हसले की आम्हाला थांबावं लागलं. मग पेंगण्याचं गाणं आलं, दिवे मंद झाले, एकेक जण घागरीवर डोकं टेकून गप्प झाला. मी उठले. नळापर्यंत चालत गेले. सिंथेसायझरवर माझ्या ओळीच्या आधीचे सूर वाजले.

आणि मला काही आठवेना.

शब्द नाही, सूर नाही. भीती वाटली असंही नाही. सगळं फक्त लांब गेलं. समोरचा अंधार मऊ दिसत होता, त्यात पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी चष्म्यावर दिव्याचा ठिपका होता आणि मी त्या ठिपक्याकडं बघत उभी होते, अगदी शांत, जणू मला तिथं काही करायचंच नाही. तेच सूर दुसऱ्यांदा वाजले. मी उभीच. मागं घागरीवर डोकं टेकलेल्या मुलीनं श्वास रोखलेला मला ऐकू आला.

मग खालून आवाज आला. 'नळा रे नळा...'

कोरडा, घोगरा, लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली. 'तुझ्या' वर तो तडकला. बाई थांबल्या नाहीत. तडकलेल्या आवाजानंच त्या पुढं गेल्या, 'घशात काय अडकलं', आणि त्यांचा पेन्सिलीचा हात तसाच ताल देत राहिला. मी खाली बघितलं. त्या दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा वर, माझ्याकडं होता आणि ओढणी गळ्यावरून घसरून खांद्यावर आली होती. मी तीच ओळ पुन्हा घेतली, माझ्या जागेवरून, माझ्या उंचीवर. आणि मग पुढचं सगळं एकामागून एक येत गेलं, जसं वेरूळला वरून खाली आलं होतं.

शेवटी नळाला पाणी येतं. लोक उभे राहिले. आत कपडे बदलायच्या खोलीत मी भिंतीकडं तोंड करून रडत होते, तेवढ्यात आमच्या शेजारची काकू आत आली. "लई भारी झालं गं," ती म्हणाली. "पण मला एक सांग, मधी खालून कोण गायलं? नळच बोलला व्हय?"

मी रडता रडता हसायला लागले.

बाहेर पप्पा बाईंसमोर उभे होते. दोन्ही हात जोडून म्हणाले, "जय भीम, बाई." बाईंनीही हात जोडले. "जय भीम."

मी त्यांची माफी मागायला गेले. त्या म्हणाल्या, "माफी कसली? ऑपेरात हे रोज होतं. पुढं उभं राहणाऱ्याचं तेच काम. गाणारा अडला की ओठ हलवायचे. मी फक्त आवाज पण केला." आणि थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, "लोकांसमोर, अकरा वर्षांनी केला."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्या जर्मनीला परत गेल्या. मी मुंबईला गेले. तिथं एका मोठ्या सभागृहात वर्षाकाठी एखादी संगीतिका व्हायची, बाहेर देशातून मुख्य गायक आणि संगीत संचालक यायचे, आणि कोरसला आमच्यासारखे स्थानिक लोक लागायचे. चाचणी देऊन मी कोरसमध्ये लागले. बाकी दिवस नाटकात छोटी कामं, जाहिरातींना आवाज. सहा वर्षं अशी गेली. एकदा चार ओळींची दासी मिळाली. पप्पा बघायला आले आणि म्हणाले, "तू नेमकी कोणती होतीस? सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच फडकं होतं."

तोवर मला वाटायचं की शिकवणं म्हणजे गाणं संपल्यावर करायची गोष्ट. बाईंचा आवाज गेला म्हणून त्या शिकवायला लागल्या, असंच माझ्या डोक्यात बसलेलं. पण तिथं मी बघितलं की सगळेच शिकवतात. नायिकेचं काम करायला आलेली पाहुणी गायिका तालमीच्या सुट्टीत लॅपटॉप उघडून आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांचे तास घ्यायची. संगीत संचालक आठवड्यातले दोन दिवस लहान मुलांच्या शाळेत जायचे, आणि तिथून आले की तालमीत जास्त खुशीत असायचे. मी एकदा धीर करून गायिकेला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, एवढ्या दमल्यावर हे कशाला? ती म्हणाली, दुसऱ्याला सांगताना मला माझंच कळतं.

एका तालमीत कोरसमधल्या चौघींना इटालियन 'र' जमेना. जीभ फिरेचना. दिग्दर्शक वैतागले. मी त्या चौघींना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि फटफटीचा आवाज काढायला लावला. तासाभरात जमलं. प्रयोगाच्या दिवशी मी त्यांच्या मागं उभी होते, आणि त्यांचा तो 'र' खणखणीत गेला तेव्हा मला जे वाटलं ते माझ्या चार ओळी गाताना वाटलं नव्हतं. हे कुणाला सांगायची मला जरा लाजच वाटली.

त्याच वर्षी आमच्या जुन्या विभागातून फोन आला. आवाजाचे तास घ्याल का? याआधीही एकदा विचारलं होतं, तेव्हा मी नाही म्हटलेलं. या वेळी मी म्हणाले, येते, पण संगीतिका असली की सुट्टी लागेल. ते हो म्हणाले. आता सात वर्षं झाली. वर्षातून महिना-दीड महिना मी मुंबईत असते. गेल्या वेळी चेटकीण होते, कार्यक्रमपत्रिकेत नावासकट. बाकी दिवस इथं. गच्चीवरचा पप्पांचा रविवारचा वर्ग अजून चालतो.

बाई फोन करतात. त्यांच्या गावात त्यांनी साठीच्या पुढच्या लोकांचा एक गट केलाय. स्वतःही त्यात गातात, मधल्या रांगेत. "सगळ्यांचेच फाटतात," म्हणतात. "छान वाटतं."

या फेब्रुवारीत त्या महिन्याभरासाठी आल्या होत्या. एक दिवस न सांगता माझ्या तासाला येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. केस पांढरे झालेले, गळा मोकळा. मी त्या दिवशी श्वास कसा, स्वर कसा, बरगड्या कशा, सगळं सांगितलं, फळ्यावर चित्रसुद्धा काढलं. तास संपल्यावर आम्ही चहाच्या टपरीवर गेलो. मी वाट बघत होते. त्यांनी चहा संपवला, ग्लास खाली ठेवला.

"चांगलं शिकवतेस," त्या म्हणाल्या. "पण बोलतेस फार. त्यांना गाऊ दे की गं."

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात सिल्लोडकडची एक मुलगी पुढं आली. तिच्या घरी मेंढरं आहेत, पहिल्याच वर्षाला आहे, आणि तोवर तिनं वर्गात तोंड उघडलेलं नव्हतं. "काय म्हणू मॅडम?" तिनं विचारलं. मी सांगायला लागणार होते, आणि थांबले.

"तुला येतं ते," मी म्हणाले.

ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मग तिनं हाक घातली, डोंगरापलीकडच्या कळपाला घालतात तशी, लांब, एका श्वासात, शेवटी अलगद वर उचललेली. पोरं हसायची थांबली. मी फळ्याला टेकून डोळे मिटले. हाक संपली तरी हॉलमध्ये होती, आणि पुढचा बराच वेळ मी काहीच बोलले नाही.